पोटरीची सोनोग्राफी कशाला?

दहिसर स्टेशनाच्या पूर्वेला उतरा की पश्चिमेला, सोनोग्राफी सेंटरच्या दारावर एक पाटी ठरलेली : 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988मध्ये. केंद्राचा 1994 साली आला. पाटी योग्यच, पण तिच्यामुळे सोनोग्राफी म्हणजे बाळंतपण हे समीकरण घरोघरी पक्कं झालं. म्हणून पाच वर्षांच्या मुलासाठी 'मांडी व पोटरीची सोनोग्राफी' अशी चिठ्ठी हातात पडली की आईला वाटतं, डॉक्टरांनी चुकून लिहिलं.

चूक नसते. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातले हेकमॅट आणि डुबोविट्झ 1980पासून मुलांचे स्नायू असेच तपासत होते. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो, मधे बारीक पांढऱ्या रेघा. आजारात स्नायूची जागा चरबी आणि चिवट तंतू घेऊ लागले की तो पांढुरका होतो. फारच बिघडला तर त्याच्याखालच्या हाडाची ठळक रेघही पुसली जाते. हेकमॅट यांनी 1982मध्ये याच्या चार पायऱ्या ठरवल्या. त्या आजही वापरात आहेत.

"पोटऱ्या बघा कशा भरल्यात, पाय मजबूत आहेत!" हे आजीचं कौतुक कधीकधी महागात पडतं. डुशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात, जो जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, पण आत ताकद नसते. मूल जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत उठतं. भरलेली पोटरी पडद्यावर पांढरी दिसली, की कौतुक थांबवून पुढच्या तपासण्या करायच्या.

दुसरा घोळ आपल्या भाषेचा आहे. रक्तवाहिनीलाही आपण 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे 'नसांची सोनोग्राफी' म्हटलं की रक्ताचा डॉपलर, असा समज होतो. मज्जातंतू आडवा पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो आणि तो किती जाड झालाय हे मोजता येतं. शार्को-मारी-टूथ या मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजाराच्या काही प्रकारांत तो जाड असतो. कुष्ठरोगात कोपराजवळची नस जाड झाल्याचं डॉक्टर पिढ्यान् पिढ्या बोटांनी चाचपून ओळखत आले. आता ती जाडी मिलिमीटरमध्ये सांगता येते.

किरणांची भीती मात्र सोडून द्या. यात किरणं नाहीत, सुई नाही, भूल नाही. मूल आईच्या मांडीवर बसून तपासून घेऊ शकतं. एमआरआयला लहान मूल स्थिर राहत नाही म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागतं. तो खटाटोप इथे नाही. जेल तेवढं गार लागतं.

सर्वांत घातक समज म्हणजे, 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार नाही.' सुरुवातीच्या काळात आणि विशेषतः तीन वर्षांखालच्या मुलांत स्नायू अजून काळेच दिसू शकतात. प्रोब जोरात दाबला किंवा तिरका धरला, तरी चित्र बदलतं. एका मशीनवरची छटा दुसऱ्या मशीनशी ताडूनही पाहता येत नाही. उलट बाजूही आहे : स्नायू पांढुरका दिसला म्हणजे डुशेनच, असं नाही. आजाराचं नाव ठरतं ते रक्तातल्या सीपीके या एन्झाइमवरून आणि जनुकीय चाचणीवरून. सोनोग्राफी कुठे बघायचं ते दाखवते, निकाल देत नाही.

'मग करंटची टेस्ट (एनसीव्ही-ईएमजी) वाचली' असंही नाही. सोनोग्राफी रचना दाखवते. नसेतून संदेश जातो की नाही, हे करंटचीच तपासणी सांगते. जानेवारी 2025मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा ही तपासणी अनेक घरांना ठाऊक झाली. दोन्ही एकमेकींच्या जोडीला असतात. फार तर सोनोग्राफीमुळे करंटच्या तपासणीतली सुई नेमक्या स्नायूत टोचता येते आणि टोचण्या कमी होतात.

गल्लीतल्या प्रत्येक सेंटरवर हे जमेलच असं नाही. चांगला प्रोब लागतो आणि मुलांचे स्नायू पाहिलेला डोळा लागतो. म्हणून आधी मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. वाडिया आणि केईएम ही दोन्ही रुग्णालयं परळला आहेत. दहिसरहून जाणाऱ्यांना प्रभादेवी स्टेशन जवळचं. केईएम हे 2021च्या दुर्मीळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्रही आहे. जाताना मुलाला हाफ पँट घाला आणि ते जिना चढतानाचा, जमिनीवरून उठतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये काढून न्या.