वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईचा कोट

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. काळी जमीन, आसपास कोलामांचे पोड, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, जमिनीवर कापूस. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी होते. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये टाकला की साधारण ३४ किलो रुई निघते. उरते ती सरकी आणि थोडी घट. १७० किलो रुई प्रेसमध्ये दाबून पट्ट्यांनी आवळली की एक गाठ होते. म्हणजे एका गाठीच्या पोटात पाच क्विंटल कापूस असतो आणि त्यामागे कितीतरी बायांनी कंबर वाकवून केलेली वेचणी असते.

मुकुटबनवरून माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्ग जातो. त्या मार्गाने धावणारी नंदिग्राम एक्स्प्रेस थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. तिथून पंधरा-वीस मिनिटं पायी गेलं की हॉर्निमन सर्कल लागतं. मधे गोल बाग, भोवती कमानींच्या इमारती, पलीकडे एशियाटिकच्या पायऱ्या, जवळच रिझर्व्ह बँक आणि दलाल स्ट्रीट. देशाच्या पैशाची नाडी इथे लागते, असं म्हणत पिढ्या गेल्या. ही बाग व्हायच्या आधी त्या जागेवर कापसाच्या गाठींचे ढीग पडलेले असत. मुंबईचं हे आर्थिक केंद्र कसं वाढलं याचा माग काढायचा, तर काळ्या जमिनीतूनच निघावं लागतं.

कोटातलं पटांगण

मुंबई बेट १६६१ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरचं आपलं मुख्य ठाणं सुरतेहून इथे हलवलं. तेव्हापासून मुंबई राजधानीच आहे: आधी कंपनीच्या कारभाराची, मग इलाख्याची, पुढे द्विभाषिक राज्याची आणि १९६० पासून महाराष्ट्राची.

तटबंदीच्या आतल्या वस्तीला लोक कोट म्हणत. कोटाच्या मध्यभागी मोठं मोकळं पटांगण होतं, बॉम्बे ग्रीन. एका अंगाला सेंट थॉमसचं देऊळ, दुसऱ्या अंगाला १८३३ मध्ये पुरा झालेला टाऊन हॉल, त्याच्याजवळ टांकसाळ. बंदर हाकेच्या अंतरावर. परगावाहून आलेला कापूस जहाजावर चढेपर्यंत याच पटांगणात पडून राही. माल आला की लगेच पैसे मोजावे लागत आणि विलायतेतून त्याची किंमत यायला महिने लागत. ही मधली खिंड भरून काढणं हाच सराफांचा आणि पेढ्यांचा धंदा. त्यामुळे पेढ्या, विमेवाले, दलाल सगळे पटांगणाच्या कडेने बसू लागले. १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली.

पण कापूस भरवस्तीत ठेवणं सोयीचं नव्हतं. आगीची भीती होती, शिवाय धूळ आणि बैलगाड्यांची दाटी. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला गेला. पैसा मात्र कोटातच राहिला. माल हलतो आणि पैसा जागचा हलत नाही, हे या शहराच्या इतिहासात पुढेही दिसतं.

वऱ्हाड ते बंदर

वऱ्हाडचा कापूस मुंबईला पोचणं सोपं नव्हतं. १८२० च्या दशकात विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी व्यापाऱ्यांनी तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरवून मुंबईला आणला. हेच घराणं निजामाला कर्ज देणारं. त्यांच्या नावाने औरंगाबादला पेस्तनशाही रुपयाही पडत असे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. तिच्या कंपनीच्या मुंबईतल्या पुढाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रुळांनी जोडला गेला. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. बंजाऱ्यांच्या तांड्यांना जिथे महिने लागत, तिथे दिवसांचा हिशेब सुरू झाला.

गाडीच्या आधीपासून एक दुसरी वाट तयार होती. ती कर्जाची. शेतकऱ्याने पेरणीला गावच्या सावकाराकडून उचल घ्यायची. सावकाराने वणी, हिंगणघाट किंवा खामगावच्या अडत्याकडून पैसा आणायचा, अडत्याने मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहायची. दर्शनी हुंडी दाखवताच पटवायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. मुंबईत निर्यातदार गाठींवर लंडनचं बिल काढी आणि परदेशी व्यवहाराच्या बँका ते वटवून घेत. वाटेतला प्रत्येक जण आपलं व्याज, वर्ताळा आणि दलाली कापून घेई. शेतकऱ्याचा चुकारा या सगळ्यांच्या खाली, सर्वांत शेवटी.

पाच वर्षांची दौलत

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं कोंडली गेली आणि लँकशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या. हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. त्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले, असा हिशेब त्या काळच्या लेखकांनी मांडला आहे.

त्या पैशाने कोटाचा चेहरा बदलला. १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडली गेली. पोलीस खात्याचे चार्ल्स फोर्जेट यांनी बॉम्बे ग्रीनचं रूपांतर आखीव वर्तुळात करायचं सुचवलं होतं. जागा घेऊन भूखंड पाडले गेले आणि नफ्याने विकले गेले. १८७२ पर्यंत एल्फिन्स्टन सर्कल पुरं झालं. आजही तिथे कमानींखालून फिरता येतं. कमानीच्या मधल्या दगडांत दाढीवाले चेहरे कोरलेले आहेत. इमारती एका उंचीच्या, एका घडणीच्या. पावसात गिऱ्हाइकाला एका पेढीतून दुसरीत कोरडं जाता यावं असे सलग व्हरांडे. पैशाच्या व्यवहारासाठी बांधलेली मुंबईतली ही पहिली आखीव वस्ती. स्वातंत्र्यानंतर ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

याच काळात शेअरचं वेड पसरलं. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या ८ कंपन्या होत्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे. त्यांनी दिलेल्या देणगीतून पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा पैसे देणारं कोणी उरलं नाही. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. तीच १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत मिसळली आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत.

१८७५: दोन बैठका

या पडझडीचे पडसाद दहा वर्षांनी दोन ठिकाणी उमटले. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईत दलालांनी आपली संघटना स्थापन केली. टाऊन हॉलजवळच्या वडाखाली उभं राहून सौदे करणारे हे लोक आदल्या वर्षी आजच्या दलाल स्ट्रीटवर आले होते. संघटनेत ३१८ सभासद, प्रवेश फी एक रुपया. आशियातल्या पहिल्या शेअर बाजाराचा हा पाया. बुडलेल्यांनी आपसांत नियम घालून घेतले आणि पुढच्या तडाख्यासाठी तटबंदी बांधली.

त्याच्या दोनच महिने आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची खातेपत्रं जाळली. तेजीत सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं होतं, सरकारने सारा वाढवला होता, भाव पडताच दोन्हींचा तगादा सुरू झाला. दख्खनचा उठाव म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण शेतकऱ्याला भाव पडल्यावर सावरणारी संस्था त्यातून उभी राहिली नाही. एकाच मंदीने पोळलेल्या दोन समूहांपैकी एकाच्या हाती बाजार आला, दुसऱ्याच्या हाती खटले.

वऱ्हाडाने मात्र आपल्या परीने वाट शोधली. १८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. जमशेटजी टाटांनीही उलटी दिशा धरली. त्यांनी मुंबई सोडून कापसाजवळ, नागपूरला गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली ती एम्प्रेस मिल. एरवी वाट एकाच दिशेची होती. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला नावाची गाडी धावू लागली तीही कापूस बाहेर काढण्यासाठी, आणि तिच्या कंपनीचा कारभार कोटातल्या किलिक निक्सनच्या कचेरीतून चाले.

समुद्र हटवून, खाडी भरून

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर कापसाचा बाजार कुलाब्याहूनही उठला आणि शिवडीला गेला. कॉटन ग्रीन या स्टेशनाच्या नावात तो आजही आहे. कोट मात्र वाढतच होता. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी कलकत्त्यात सुरू झाली आणि १९३७ मध्ये तिचं मुख्यालय कायमचं मुंबईला आलं. देशाचं चलन जिथून चालतं ती जागा पुन्हा त्या जुन्या पटांगणाशेजारची.

कोटात जागा संपली तेव्हा शहर समुद्राकडे वळलं. बॅकबेच्या भरावाची १९२० च्या दशकातली योजना गैरव्यवहारांनी गाजली. वीर नरिमन यांनी ती चव्हाट्यावर आणली आणि पुढे त्यांचंच नाव भराव घालून उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटला मिळालं. १९७० च्या दशकात तिथे मनोरे उभे राहिले. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर मांडलं होतं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि घाऊक बाजार वाशीला गेले. कांदा-बटाटा, धान्य, मसाले गेले. पैसा पुन्हा मागे राहिला. तो हलला तो वांद्रे-कुर्ला संकुलात, मिठी नदीच्या काठच्या दलदलीवर. या संकुलासाठी १९७७ मध्ये नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं होतं. आज सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार तिथे आहेत.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर बाजाराचं रूपच बदललं. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार पडद्यावर सुरू झाला, १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवरचा हाकारा थांबला आणि १९९६ पासून शेअर कागदाऐवजी डीमॅट खात्यात ठेवता येऊ लागले. आता वणीत बसून मोबाइलवर शेअर घेता येतो.

वाट दोन्हीकडून हवी

मुकुटबनला चुनखडीवर मोठा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, वर्षाला सुमारे ३९ लाख टनांचा. कंपनीला भांडवली बाजार पाठीशी असतो. नवा कारखाना काढायचा, तोटा सोसायचा, भावाची जोखीम वाटून घ्यायची, या सगळ्याची साधनं मुंबईत तयार आहेत. त्याच शिवारात कापूस लावणाऱ्याकडे यातलं जवळपास काहीच पोचत नाही. त्याला आधार म्हणून राज्याने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आणली, ती तोट्यात रुतून संपली. आज हमीभावाची खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस निगमचं मुख्यालय बेलापूरला आहे. पण दारात उभा असलेला घेणेकरी थांबत नाही, म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस भाव पाहायच्या आधीच खेडा खरेदीत निघून जातो.

आपल्या या आर्थिक केंद्राने नुकसानीतून नियम शिकले आहेत, आणि त्यात वऱ्हाडचाही वाटा आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळातली पालाई सेंट्रल बँकही. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींच्या विम्याची संस्था सुरू झाली. सुरुवातीला विमा १,५०० रुपयांचा होता, आज पाच लाखांचा आहे. देशातल्या प्रत्येक ठेवीदाराला मिळालेलं हे कवच अकोल्याच्या ठेवीदारांच्या घामाच्या पैशातून आलं. नियम बनवणाऱ्यांना हे जमतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

तेच आता कापसासाठी व्हायला हवं. गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळण्याची वाट मोकळी करणारा कायदा २००७ मध्ये झाला. झरी जामणीसारख्या तालुक्यात नोंदणीकृत गोदाम, त्या पावतीवर दोन दिवसांत मिळणारं कर्ज आणि भाव पडला तर त्याची झळ वाटून घेणारी सोय, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर शेतकऱ्याला दिवाळीआधी माल फुंकून टाकावा लागणार नाही. शंभर-दीडशे वर्षं गावाकडून कोटाकडे माल गेला आणि व्याज गेलं. मुंबई आर्थिक राजधानी म्हणवते, तो मान तिने कमावलेला आहे. तो टिकवायचा तर तिच्या पेढ्यांनी काळ्या जमिनीची जोखीम आपल्या खात्यात घेतली पाहिजे, आणि तसा आग्रह आपण, गाठ बांधणाऱ्या मुलखातल्या माणसांनी, उघडपणे धरला पाहिजे.