बेडकीचा पाला आणि चारचा चहा

मैत्रिणींनो, चारच्या चहाबरोबर काहीतरी गोड हवंच, ही माझी जुनी खोड. वजन वाढलं, तशी कोकणातल्या जाऊबाईंनी बेडकीचा पाला दिला. हीच गुडमार. दोन पानं चावून वर साखर तोंडात टाकली, तर चक्क वाळू! पानातलं जिम्नेमिक आम्ल जिभेला अर्धा-पाऊण तास गोड कळूच देत नाही. (चिवडा मात्र तसाच खमंग लागतो, हीच पंचाईत!) दोन महिन्यांत दीड किलो उतरलं, पण मी चालतही होते, सगळं श्रेय पाल्याला कसं देऊ?

सासूबाई तर मधुमेहाची गोळीच सोडायला निघाल्या. त्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं. गोळीबरोबर पाला घेतला तर साखर फार खाली जाऊ शकते, असं ते म्हणाले. त्यांची गोळी चालू आहे, पाला माझ्यापुरता.