वाढ आधी की वीज आधी?

अर्थव्यवस्था वाढली की ऊर्जेची मागणी वाढते, हे सहज पटते. ऊर्जा वाढल्यामुळे अर्थव्यवस्था वाढते का, यावर मात्र अर्थतज्ज्ञांचे एकमत नाही. जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेची १९४७ ते १९७४ या काळातील आकडेवारी तपासली. त्यात राष्ट्रीय उत्पन्न हे कारण आणि ऊर्जावापर हा परिणाम असल्याचे दिसले. अक्षय ऊर्जेबाबत निकोलस अपर्गिस आणि जेम्स पेन यांनी २०१० मध्ये २० विकसित देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना हा संबंध दुहेरी आढळला. देश आणि कालखंड बदलला की असे निष्कर्षही बदलतात, कारण प्रत्येक अर्थव्यवस्थेची घडण वेगळी असते.

जर्मनीने २००० मध्ये कायदा करून अक्षय विजेला २० वर्षांसाठी ठरावीक दराची हमी दिली. तेव्हा वीजवापरात या ऊर्जेचा वाटा सुमारे ६ टक्के होता. २०२३ मध्ये तो निम्म्याहून अधिक झाला. १९९० नंतर तेथील अर्थव्यवस्था वाढत असताना एकूण ऊर्जावापर घटत गेला. मात्र हमी दराचा भार अनेक वर्षे ग्राहकांच्या वीजबिलावर पडला.

चीनमध्ये अक्षय ऊर्जा हाच मोठा उद्योग झाला. २०२३ या एकाच वर्षात तेथे २०० गिगावॅटहून अधिक सौरक्षमता उभी राहिली. सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांच्या कारखान्यांतून रोजगार व निर्यात वाढली. तरीही मागणी इतकी वेगाने वाढत होती, की तेथील सुमारे ६० टक्के वीज कोळशापासूनच येत होती.

भारतात २०२५ मध्ये स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग जलविद्युत आणि अणुऊर्जेसह बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश राहिला. सूर्य मावळल्यावर सौर प्रकल्प थांबतो आणि औष्णिक संच रात्रीही चालतो. त्यामुळे समान क्षमतेतून समान वीज मिळत नाही.

अक्षय प्रकल्पाला इंधनाचा खर्च जवळजवळ नसतो, पण बहुतेक भांडवल सुरुवातीलाच ओतावे लागते. म्हणून व्याजदर जास्त असलेल्या देशांत ही वीज तुलनेने महाग पडते. उलट, तेल आणि कोळसा आयात करणाऱ्या देशांचे परकीय चलन तिच्यामुळे वाचते. तिचा वाढीला किती हातभार लागतो, हे स्वस्त भांडवल, पुरेशा पारेषण वाहिन्या, वीजसाठवण आणि देशांतर्गत उत्पादन यांवर ठरते.