विस्तव आणि मांस यांच्यातलं अंतर

ज्या विस्तवावर डुक्कर शिजवायचं, तो विस्तव डुकराच्या खाली पेटवायचा नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात बार्बेक्यूची सुरुवात इथून होते. धूरघराच्या बाहेर थोड्या अंतरावर एक लोखंडी पिंप उभं असतं. त्याच्या पोटात, तळापासून हातभर उंचीवर, जाड गज आरपार घातलेले असतात. वरून ओकचे आणि हिकरीचे ओंडके टाकायचे. ते जळून फुटले की निखारे गजांमधून खाली पडतात. पिंपाच्या तळाशी पत्रा कापून एक चौकोनी तोंड केलेलं असतं, तिथून लांब दांड्याच्या फावड्यानं ते उचलायचे आणि आत न्यायचे. जाळ बाहेरच राहतो, मांसापर्यंत पोचते ती फक्त धग. जाळ आत गेला तर वरून काजळी, आतून कच्चं, आणि गळणाऱ्या चरबीनं पेट घेतला तर अख्खं धूरघर जायचं.

मी याच राज्यात, रॉलीजवळ राहते. आयटी आणि औषध कंपन्यांमुळे इथे मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि उन्हाळा लागला की शनिवारी कुणा ना कुणाकडून ‘बार्बेक्यूला या’ असं बोलावणं येतंच. म्हणजे अंगणात गॅसची शेगडी, पनीर टिक्का, कणसं, मसाला लावलेल्या कोंबडीच्या तंगड्या. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत टेबलाच्या मधोमध शेगडी बसवून सळ्या देतात, तोही आपल्या लेखी बार्बेक्यूच. उत्तरेकडच्या राज्यांतले अमेरिकनही हॅम्बर्गर भाजण्याला बिनदिक्कत बार्बेक्यू म्हणतात. पण आमच्या शेजारच्या आजी जन्मापासून कॅरोलायनाच्या. आमच्या शेगडीवरचं सगळं त्या आवडीनं खातात आणि त्याला ‘कुकआउट’ म्हणतात. बार्बेक्यू हा त्यांच्या दृष्टीनं एक पदार्थ आहे: लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर शिजलेलं डुक्कर, बारीक तोडून, व्हिनेगर आणि लाल मिरची घातलेलं. बाकी कशालाही हे नाव लावलेलं त्यांना खपत नाही. त्यांचं म्हणणं मला पटायला वेळ लागला नाही, कारण त्यांच्याच ओळखीनं ग्रीनव्हिलच्या पुढच्या एका खेड्यातल्या खानावळीनं मला रात्रभर मागच्या बाजूला बसू दिलं.

आत विटांचे कमरेएवढे उंच हौद होते. त्यांवर लोखंडी गज, गजांवर डुकरं, आणि वर पत्र्याची झाकणं. एकेक डुक्कर 80 किलोच्या आसपासचं, पोटातून उभं चिरून, कणा आतल्या बाजूनं फोडून सपाट पसरलेलं. मांस खाली, कातडी वर. भट्टी सांभाळणारे गृहस्थ कृष्णवर्णीय, सत्तरीच्या पुढचे. ते मला ‘मॅम’ म्हणत होते, मी त्यांना ‘सर’. दक्षिणेत वडीलधाऱ्यांशी असंच बोलतात.

त्यांचं निखारे टाकणं बघण्यासारखं होतं. फावडं हौदात खोलवर घालायचं आणि मनगटाला हिसके देत तिरकं करत मागे ओढायचं, म्हणजे ढीग न होता निखाऱ्यांची पातळ रांग पडते. ही रांग सगळीकडे सारखी नसते. खांद्यांखाली आणि मागच्या मांड्यांखाली भरपूर, मधे पोटाखाली जवळजवळ काहीच नाही. खांदा आणि मांडी जाड असतात, पोटाकडे मांस पातळ आणि चरबी फार. सगळीकडे सारखी आच दिली तर पोट जळून जातं आणि मांडी हाडापाशी कच्ची राहते. हे फावडं अर्ध्या-पाऊण तासानं फिरतं आणि रात्रभर फिरत राहतं. थर्मामीटर कुठे दिसत नव्हता. ते पत्र्याच्या झाकणावर तळहात टेकवायचे, किती वेळ टेकवता येतो ते बघायचे, आणि मग वाकून कान द्यायचे.

‘‘ऐका,’’ ते म्हणाले. ‘‘एक थेंब पडतोय, मग जरा थांबून दुसरा. हे बरोबर चाललंय. सलग चुरचुरायला लागलं की समजायचं, निखारे जास्त झाले. आवाजच नाही म्हणजे तुम्ही झोपलात.’’

त्या थेंबात सगळं आहे. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, जळतो, त्याची वाफ आणि धूर वर जाऊन त्याच मांसात मुरतो. कॅरोलायनाची चव ही मुख्यतः या धुराची चव आहे, लाकडाच्या धुराची त्यामानानं कमी. लाकूड तर बाहेर पिंपात आधीच जळून गेलेलं असतं. मंद आच का, याचंही कारण साधं आहे. खांद्याच्या मांसात चिवट तंतू फार असतात. ते विरघळून मऊ, बुळबुळीत व्हायला मांस आतून 90 अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं आणि तिथपर्यंत हळूहळू जावं लागतं. घाई केली तर बाहेरचं वाळतं आणि आतलं रबर होतं.

उजाडता उजाडता दोघांनी मिळून डुक्कर उलटलं. आता कातडी खाली. उघड्या पडलेल्या मांसावर मीठ, मिरची आणि व्हिनेगरचा सपकारा मारला, कातडीखाली पुन्हा निखारे सारले, आणि थोड्या वेळात ती पापडासारखी फुगायला लागली. मग लाकडी ठोकळ्यावर दोन हातांत दोन सत्तूर घेऊन तोडणं. खांदा, मांडी, पोट, गाल, सगळं एकत्र. मांडी कोरडी असते, तिला पोटाची चरबी हवी, गालाचा मऊपणा हवा. एकाच अवयवातून तो तोल येत नाही, म्हणून अख्खं जनावर. शेवटी कुरकुरीत कातडी बारीक करून त्यातच मिसळतात. घासात मऊ, आंबट, तिखट यांच्यामधे अचानक एक कडक कण दाताखाली येतो. मला पूर्व कॅरोलायना आवडतं ते या कणासाठी.

तिथून जवळच एडन गावात ‘स्कायलाइट इन’ आहे. पीट जोन्स यांनी ते 1947 मध्ये सुरू केलं. छपरावर वॉशिंग्टनच्या संसदेचा असतो तसा घुमट बसवला आहे. आत मात्र निवड करायला फारसं काही नाही. कागदी तबकडीत मांस, त्यावर मक्याच्या पावाचा चपटा चौकोनी तुकडा, आणि कोबीची कोशिंबीर. सत्तुरांचा आवाज दिवसभर चालू असतो.

रॉलीहून पश्चिमेला दीड-पावणेदोन तास गेलं की लेक्झिंग्टन लागतं आणि बार्बेक्यूचा अर्थ बदलतो. इथे अख्खं डुक्कर नाही, फक्त खांदे. हिकरीचे निखारे, आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घातलेलं ‘डिप’. कोशिंबीरही त्याच डिपनं लालसर झालेली. वेन मंक यांनी 1962 मध्ये काढलेलं ‘लेक्झिंग्टन बार्बेक्यू’ हे इथलं सगळ्यांत नावाजलेलं. जाणकार तिथे ‘आउटसाइड ब्राउन’ मागतात, म्हणजे खांद्याची बाहेरची गडद, चिवट, धुरकट पापुद्र्यांची बाजू. पूर्वेकडचे म्हणतात, टोमॅटो घालून यांनी वाटोळं केलं. पश्चिमेकडचे म्हणतात, पूर्वेला नाकातोंडासकट सगळंच तोडून घालतात. या भांडणावर इथे वर्तमानपत्रांचे रकाने भरलेत, निवडणुकीच्या भाषणांत टोमणे मारून झालेत. मला हे भांडण वरवरचं वाटतं. दोन्हीकडे जाळ वेगळा, निखारे मांसाच्या बरोबर खाली, आणि चरबी निखाऱ्यांवर गळते. फरक आहे तो केचपच्या दोन चमच्यांचा आणि मांसाच्या निवडीचा.

खरा फरक बघायला टेक्ससला जावं लागतं.

ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट गाव आहे. तिथलं ‘क्रॉइट्झ मार्केट’ 1900 सालचं. मुळात ते मांसाचं दुकान. मध्य टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन आणि चेक खाटकांकडे न विकलेलं मांस धुरावर टिकवायची रीत होती. गिऱ्हाईक ते खाटकाच्याच कागदावर घेऊन उभ्या उभ्या खायचं. कागद अजून तोच आहे. मांस बैलाचं, आणि मान कुणाला तर छातीला, आपल्या मटणाच्या दुकानात ज्याला सीना म्हणतात त्या भागाला. मसाला म्हणजे मीठ आणि जाडसर मिरी. क्रॉइट्झच्या जुन्या इमारतीत आता ‘स्मिटीज’ आहे. तिथे रांगेत उभं राहिलं की पायांपासून थोड्याच अंतरावर, जमिनीवर, उघडा विस्तव जळत असतो. कॅरोलायनातून गेलेल्या माणसाला पहिली जाणवते ती हीच गोष्ट: इथे जाळ हवा आहे.

पोस्ट ओक नावाच्या ओकचे वाळलेले ओंडके भट्टीच्या एका टोकाला ज्वाळेनिशी जळतात. दुसऱ्या टोकाला धुरांडं. धुरांड्याच्या ओढीनं उष्णता आणि धूर मांसावरून आडवे वाहत जातात. मांसाखाली निखारे नाहीत, त्यामुळे गळलेली चरबी जळत नाही. चव येते ती थेट लाकडाच्या धुराची. म्हणून इथे लाकूड किती वाळलंय आणि ज्वाळ किती स्वच्छ आहे याला सगळं महत्त्व. धूर पांढरा आणि दाट झाला की मांस कडू होतं, जेमतेम दिसेल असा निळसर धूर हवा. सीन्याचं मांस आतून 70 अंशांच्या आसपास पोचलं की तासन् तास तिथेच अडतं. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि ते उडताना मांसाला गार ठेवतं. अननुभवी माणूस तिथे घाबरून विस्तव वाढवतो. जुने लोक काही करत नाहीत, किंवा मांस कागदात गुंडाळून ठेवतात.

टेक्ससमध्येच जरा पश्चिमेला, लॅनोकडे, पुन्हा उलट. तिथे मेस्किटच्या झुडपांचं लाकूड, त्याचे निखारे, आणि थेट त्यावर मांस. मेक्सिकोच्या सीमेवर ब्राउन्सव्हिलमध्ये तर विस्तव जमिनीत. ‘व्हेराज बॅकयार्ड’ या जागी गाईची मुंडकी गुंडाळून मेस्किटच्या निखाऱ्यांवर खड्ड्यात ठेवतात, वरून झाकतात, आणि शनिवार-रविवारी सकाळी गालाचं नि जिभेचं मांस मक्याच्या पातळ पोळीत बांधून देतात. रायगडातली पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ही आच लगेच ओळखू येईल: ज्वाळ मांसाला लागत नाही, हवा आत शिरत नाही, मांस स्वतःच्याच वाफेवर शिजतं. ‘व्हेराज’ला 2020 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातले पुरस्कार देणाऱ्या संस्थेनं ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा मान दिला.

मिझुरीच्या कॅन्सस सिटीत गोडसर दाट सॉस आणि सीन्याच्या टोकांचे काळपट तुकडे. केंटकीच्या ओवेन्सबरोमध्ये मेंढीचं मांस, जे आपल्याकडच्या कुणालाही पहिल्या घासाला आवडेल. अलाबामाच्या डिकेटरमध्ये कोंबडी मेयोनेज-व्हिनेगरच्या पांढऱ्या पातळ सॉसमध्ये बुडवून देतात. साउथ कॅरोलायनाच्या मधल्या पट्ट्यात मोहरीचा पिवळा सॉस. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला आधी सॉसची बाटली दाखवतात. मी आता आधी विचारते, विस्तव कुठे आहे. जनावर त्या प्रदेशात कुठलं पोसलं जायचं आणि लाकूड कुठलं तोडलं जायचं, हे जमिनीनं ठरवलं. विस्तव मांसापासून किती लांब ठेवायचा हे तिथल्या हातांनी ठरवलं, आणि चव त्यानं ठरते.

ते हात कुणाचे, हे बोललं पाहिजे. दक्षिणेत गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरच्या मेजवान्यांसाठी खड्डा खणणं, लाकूड फोडणं, रात्रभर डुकरं शिजवणं हे सगळं गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांनी केलं. नाव मळ्याच्या मालकाचं झालं. एड्रियन मिलर यांनी ‘ब्लॅक स्मोक’ या 2021 च्या पुस्तकात हा इतिहास नीट मांडला आहे. साउथ कॅरोलायनातल्या हेमिंग्वे गावात वडिलांच्या दुकानामागे लहानपणापासून पिंपातले निखारे उचलणाऱ्या रॉडनी स्कॉट यांना 2018 मध्ये आग्नेय विभागातला सर्वोत्तम शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. हा मान खूप उशिरा आला, आणि तो फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

दरम्यान धूरघरं कमी होत चालली आहेत. गॅसची किंवा विजेची पेटी विकत घेतली की रात्री कुणाला जागायला नको, लाकूड फोडायला नको, आग लागायची भीती कमी. पगार, विमा आणि लाकडाचा भाव बघता मालकांना मी दोष देऊ शकत नाही. पण पेटीतलं डुक्कर आणि निखाऱ्यांवरचं डुक्कर एकाच नावानं विकणं मला मान्य नाही. पेटीत थेंब जळत नाही. तो जळला नाही तर उरतं उकडलेलं मांस आणि आंबट पाणी. जॉन शेल्टन रीड आणि डॅन लेव्हिन यांनी 2013 मध्ये खऱ्या बार्बेक्यूसाठी एक मोहीम सुरू केली. फक्त लाकडावर किंवा लाकडाच्या निखाऱ्यांवर शिजवणाऱ्या जागांना ते प्रमाणपत्र देतात. सॉस कुठला यात ते पडत नाहीत, आणि हे मला फार योग्य वाटतं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं या बाजूला असतील आणि तुमचं इकडे येणं होणार असेल, तर गाडी खानावळीच्या दारात लावण्याआधी एकदा मागच्या बाजूनं घ्या. फोडलेल्या लाकडाची रास, काळवंडलेलं पिंप किंवा विटांची धुरांडी दिसली तर उतरा. बारा वाजायच्या आत जा, कारण रात्री जेवढं शिजवलं तेवढंच असतं आणि संपलं की पाटी उलटी करतात. मागताना कातडी मिसळलेली आहे का, एवढं विचारून घ्या.