'चारांत एक' म्हणजे नेमके काय?



गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आदिवासी भगिनींसोबत मिहानमधील एम्समध्ये जाताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "चारातलं एक तर गेलं ना ताई. मंग आता तीन चांगलेच होतीन?" विचारणारीचे पहिले बाळ सिकलसेलने गेलेले असते आणि ती पुन्हा गरोदर असते.

उत्तर 'तसे नाही' असे आहे, आणि ते सांगताना जीभ अडखळते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आईवडील दोघेही वाहक असले (ते स्वतः धडधाकट असतात, म्हणून बहुतेकांना ठाऊकच नसते), तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. पहिले बाळ गेले म्हणून धोका कमी होत नाही आणि वाढतही नाही. हे दुसरे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण "तुझी कूसच खराब" असे कितीतरी जणींनी घरात ऐकलेले असते. आजार होतो तो दोघांकडून एकेक अंश आला तरच.

आणखी एक गोष्ट. चारांत एक ही शक्यता आजाराची आहे, मरणाची नाही.

११ ते १४ आठवड्यांत वारेचा लहानसा नमुना, किंवा साधारण १६ व्या आठवड्यापासून गर्भजल तपासून बाळाला आजार आहे का ते कळू शकते. या तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा. पुष्कळ जणी तपासणीच टाळतात. "खराब निघालं तर पाडाले सांगतीन" ही भीती असते, आणि मंडळीतले लोक काय म्हणतील हीही. माझे मत असे की तपासणी करणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे. जिला ती नको, तिने बाळ जन्मताच त्याचे रक्त तपासून घ्यावे. पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते; गुटगुटीत बाळ पाहून घरचे निर्धास्त होतात आणि त्रास सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतो. आधी कळले, तर दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलीन, न्यूमोकोकलची लस आणि ताप येताच दवाखाना, एवढ्याने पुष्कळ मुले वाचतात.

रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस सर्वांत जड जातात. मी त्यांना पुढच्या एकाच तारखेपुरता विचार करायला सांगते. भेटायला जाणाऱ्यांनी "देव दुसरं देईल" म्हणू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले, तोवर सारे ठीक होते. बिघडले ते बोलू लागल्यावर. गेलेल्या बाळाचे नाव मात्र जरूर घ्या. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला आई आसुसलेली असते.

नवऱ्याचे रक्त तपासल्याशिवाय हा हिशेब मांडताच येत नाही, आणि मजुरी बुडते म्हणून नेमका तोच येत नाही. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. ज्यांना दोघांचे बसभाडे आणि एका दिवसाची मजुरी देणे शक्य आहे, त्यांनी आपल्या पाळकांना कळवावे.