काकांची स्क्रोल सॉ

थर्माकोलच्या मखरांवर २०१८ मध्ये बंदी आली आणि वसमतला माझ्या काकांकडे प्लायच्या मखरांचं काम वाढलं. नक्षी कापायला त्यांनी स्क्रोल सॉ घेतली. स्वस्तातली, फक्त पिनवाली ब्लेड घेणारी. पिन जायची तर भोक मोठं लागतं. मग बारीक जाळी कापायची कशी?

काकांचा जुगाड बघा. लोखंडाच्या दोन छोट्या तुकड्यांना हॅक्सॉने चीर दिली, बाजूने आटे पाडून ग्रब स्क्रू बसवला. प्रत्येकात एक आडवी पिन, ती मशीनच्या जुन्या खाचेत बसते. चिरेत साधी ब्लेड आवळायची. आता दीड-दोन मिलिमीटरचं भोक पुरतं! (आमच्या वर्कशॉपच्या जॉबपेक्षा हे भारी.) मशीनची थरथर जड टेबलाला बोल्ट मारून आणि खाली टायरचे तुकडे घालून कमी केली.

रेषेवरचा भुसा उडवायला फिशटँकचा पंप लावलाय, तो मात्र मला अर्धवट वाटतो. रेषा दिसते, पण धूळ नाकात जाते, आणि लाकडाच्या धुळीने कॅन्सर होऊ शकतो. म्हणून टेबलाखाली व्हॅक्यूमची नळी हवीच, मास्कसुद्धा.

आणि स्पीड कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका. मोटर इंडक्शन असेल तर जोर जातो आणि ती तापते.