हापूसच्या बाठ्यातून हापूस का येत नाही?

आमच्या जामसंड्यातील बरीच मुले जीवशास्त्राचे धडे नुसते घोकतात. गुणसूत्र, परागण, आनुवंशिकता हे शब्द पाठ होतात, अर्थ मात्र कळत नाही. वास्तविक तो अर्थ ज्या बागेत आई-वडील मजुरीला जातात, तेथेच सापडतो.

मुलांना एक प्रश्न विचारा. हापूसचा बाठा रुजवला तर त्या झाडाला हापूसच लागेल काय? बागेतला कोणीही गडी सांगेल की त्याचा भरवसा नाही. म्हणूनच कलम बांधतात. कोय कलमात बाठ्यातून उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, उभी खाच देतात, तीत हापूसची काडी पाचरीसारखी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळतात. मूळ रायवळचे, वरची फांदी हापूसची. काडीतील पेशींचे विभाजन होऊनच ती फांदी वाढते, म्हणून फळाचा गुण बदलत नाही. यालाच पुस्तकात शाकीय प्रजनन म्हटले आहे.

बाठ्याचे तसे नाही. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रे असतात. नव्या बीजात 20 परागकणातून येतात, 20 बीजांडातून. मोहरावर बसणारी माशी पराग कोणत्या झाडाचा आणील, याचा नेम नाही. शिवाय गुणांची वाटणी दर वेळी निराळी होते. हे लैंगिक प्रजनन.

माणसाचेही असेच आहे. 46 गुणसूत्रांपैकी 23 आईकडून, 23 वडिलांकडून. आईच्या बीजांडात एक्स गुणसूत्र असते. वडिलांच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय असते. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. कोणता शुक्राणू पोचेल, हे कोणाच्याच हाती नसते.

तरीही आमच्या वस्त्यांतून दुसरी मुलगी झाली की सुनेला टोमणे ऐकावे लागतात. ज्या उत्तराला परीक्षेत गुण मिळतात, ते घरात खोटे कसे ठरते? शाळेत जाणाऱ्या नणंदेने हा धडा आपल्या आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

पालकांनीही 'आम्ही अडाणी' म्हणून मागे राहू नये. पावसाळ्यात कलमे बांधताना मुलीच्या हाती काडी द्या. बांधणी तुम्ही शिकवा, पेशी तिला सांगू द्या. असा कळलेला धडा ती परीक्षेनंतरही विसरणार नाही.